खिशातील वेधशाळा कोणाची?

मे २०२४ मध्ये सूर्यावरील उद्रेकांमुळे पृथ्वीभोवती प्रचंड चुंबकीय वादळ उठले. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात तेव्हा मक्याच्या पेरणीची घाई होती. उपग्रहांच्या संकेतांवर सरळ तास धरणारे ट्रॅक्टर भरकटू लागले आणि अनेक शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली. अडथळा पावसाचा नव्हता; बिघडले होते ते अवकाशाचे हवामान.

वातावरणाच्या वरच्या थरांत, आयनांबरात, मुक्त इलेक्ट्रॉनांचा संचार असतो. उपग्रहाचा संदेश त्यातून येताना किंचित रेंगाळतो आणि स्थाननिश्चिती चुकते. मात्र हा विलंब संदेशाच्या वारंवारतेनुसार बदलतो. त्यामुळे दोन वारंवारता ग्रहण करणारा नवा मोबाइल फोन त्यांतील तफावतीवरून वाटेतील इलेक्ट्रॉनांचा अंदाज देऊ शकतो. कालपर्यंत जी चूक होती, ती आज माहिती ठरते.

एका फोनचे मापन अगदीच ओबडधोबड. परंतु एका ग्राहकाच्या खरेदीवरून महागाईचा निर्देशांक ठरत नाही. असंख्य नोंदींच्या सरासरीतून तो आकार घेतो. येथेही तेच सूत्र आहे. गूगलच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ४ कोटी अँड्रॉइड फोनांची मापने, व्यक्तीची ओळख न ठेवता, एकत्र केली. भूस्थित केंद्रांच्या तुलनेत आयनांबराच्या नकाशाची व्याप्ती त्यामुळे दुपटीने वाढली. भारतावरील ‘प्लाझ्मा बुडबुडे’ही त्यात दिसले. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्याने येथील आयनांबर विशेष चंचल असते. विमानांना मार्ग दाखवणाऱ्या ‘गगन’ प्रणालीलाही या चंचलतेचा हिशेब ठेवावा लागतो.

तंत्राचे कौतुक रास्तच आहे. तरीही मूळ प्रश्न मालकीचा उरतो. फोन नागरिकांचे, आकाश सर्वांचे. मापने मात्र एका खासगी कंपनीच्या यंत्रणेतून जमा होतात. धोक्याची पूर्वसूचना ही दीपगृहाच्या प्रकाशासारखी सार्वजनिक वस्तू आहे. एकाने लाभ घेतल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही. अशा वस्तूचा अखंड पुरवठा कंपनीच्या मर्जीवर वा नफ्यावर सोपवता येत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे.

या संदर्भात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे स्मरण उद्बोधक ठरावे. सप्टेंबर १८५९ मधील महावादळाची चुंबकीय नोंद तेथे झाली. ती जपली गेली आणि खुली राहिली, म्हणूनच २००३ मध्ये संशोधकांना तिच्या आधारे त्या वादळाची तीव्रता नव्याने आजमावता आली. नोंदवणाऱ्यांना या उपयोगाची कल्पनाही नसेल.

कुलाब्याचा वारसा आज नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवीत आहे. अशा सार्वजनिक संस्थांना फोनांवरील एकत्रित मापने नियमितपणे, विनामूल्य आणि नागरिकांची गोपनीयता राखून मिळावीत, असा करार शासनाने घडवून आणला पाहिजे. त्याचबरोबर स्वतःची भूस्थित केंद्रेही वाढविली पाहिजेत. कारण उसन्या दुर्बिणीवर कोणत्याही देशाने आपल्या आकाशाची राखण सोपवू नये.