भाजल्यानंतरच्या पुनर्वसनाचे दीर्घकालीन संशोधन : सहभागी व्यक्ती

भाजलेल्या व्यक्तीची जखम भरून आल्यानंतर तिची हालचाल, मनःस्थिती, शिक्षण, व्यवसाय व सामाजिक जीवन यांत कोणते फरक पडतात, याचा अनेक वर्षे पाठपुरावा करून केलेला अभ्यास. व्रण घट्ट होऊन सांधे आखडणे, खाज सुटणे, उष्णता सहन न होणे, विद्रूपतेमुळे संकोच वाटणे इ. तक्रारी रुग्णालय सोडल्यानंतरही दीर्घकाळ टिकू शकतात [⟶ भाजणे व पोळणे]. अशा अभ्यासाचे निष्कर्ष कोणाला लागू पडतात, हे त्यात कोणाचा समावेश झाला यावर अवलंबून असते.

बॉस्टन येथील ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी लागलेल्या आगीत ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेतून वाचलेल्या व्यक्ती व मृतांचे आप्त यांचा एरिख लिंडमान या मानसचिकित्सकाने अभ्यास केला. शोकाविषयीचा त्याचा निबंध १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. भाजण्याचे परिणाम रुग्णापुरते मर्यादित नसतात, हे त्यावरून स्पष्ट झाले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९० नंतरच्या दशकात ‘बर्न मॉडेल सिस्टिम’ ही अनेक केंद्रांची संयुक्त योजना सुरू झाली. तीत भाजलेल्या प्रत्येकाचा समावेश होत नाही. भाजलेल्या त्वचेचे शरीराच्या एकूण पृष्ठभागाशी असलेले प्रमाण, वय, शस्त्रक्रियेची गरज आणि चेहरा, हात, पाय यांसारख्या महत्त्वाच्या अवयवांची इजा हे निवडीचे निकष होत. विजेच्या उच्च दाबाने झालेल्या इजांचाही विचार होतो. सहा महिने, एक वर्ष व दोन वर्षांनी आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांच्या अंतराने प्रश्नावली भरून घेतली जाते. लहान मुलांच्या वतीने पालक माहिती देतात. तीव्र अवस्थेत रुग्ण शुद्धीवर नसल्यास संमतीचा प्रश्न नाजूक ठरतो.

पाठपुराव्यात गळती होणे ही या संशोधनातील मोठी अडचण होय. घर बदललेले, बेघर, व्यसनाधीन वा निर्धन रुग्ण पुन्हा सापडणे कठीण असते. उलट, पूर्ण बरे झालेले काही जण उत्तर देण्याची तसदी घेत नाहीत. त्यामुळे उरलेल्यांच्या उत्तरांवरून, उदा., कामावर परतलेल्यांचे प्रमाण काढल्यास ते प्रत्यक्षाहून जास्त वा कमी येऊ शकते. यावर एक उपाय म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलियात रुग्णालयीन व मृत्यूविषयक नोंदी परस्परांशी जोडून, भाजलेल्यांची तुलना त्याच वयाच्या व लिंगाच्या न भाजलेल्या व्यक्तींशी करण्यात आली. या पद्धतीत गळती कमी होते; मात्र वेदना, लाज, एकाकीपणा यांची दखल नोंदींत नसते. ती रुग्णाच्या कथनातूनच मिळते. म्हणून प्रश्न ठरविण्याच्या कामीही भाजून वाचलेल्या व्यक्तींना सल्लागार म्हणून घेण्याची प्रथा वाढत आहे. अशा व्यक्तींसाठी ‘फिनिक्स सोसायटी’ ही संस्था अमेरिकेत १९७७ मध्ये स्थापन झाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भाजण्यामुळे जगात दरवर्षी सु. १,८०,००० मृत्यू होतात व त्यांतील बहुसंख्य अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत घडतात. भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात, असाही तिचा अंदाज आहे. उघडी चूल, केरोसिनचा स्टोव्ह व स्वयंपाक करताना पेटणारे कपडे यांमुळे येथे स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय आहे. फेरतपासणीसाठी शहरात येणे म्हणजे गरीब कुटुंबाला दिवसाची मजुरी गमावणे होय, तसेच घरगुती छळाच्या संशयामुळे माहिती देण्यास संकोच होतो. श्रीमंत देशांतील रुग्णांवर बेतलेले निष्कर्ष येथील स्त्रियांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. त्यासाठी त्यांचाच समावेश असलेला दीर्घकालीन अभ्यास आवश्यक ठरतो.