उजेडाने घट्ट होणारी कुपी

टाईप-१ मधुमेह झालेल्या मुलाला, मग तो जळगाव-धुळ्याचा असो की मुंबईचा, इन्सुलिन जन्मभर टोचावे लागते. दुसऱ्याच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी बसवता येतात. पण शरीर त्यांना परके समजून मारते. ते रोखणारी औषधे कायम घ्यावी लागतात आणि त्यांनी रोगप्रतिकारशक्तीच खचते.

यावर युक्ती निघाली ती अशी, की या पेशी पाणीदार जेलच्या कुपीत ठेवायच्या. भिजलेल्या सब्जाच्या बीभोवतीचे बुळबुळीत आवरण आठवा. जेलची जाळी इतकी बारीक, की साखर, प्राणवायू व इन्सुलिन आरपार जातात. हल्लेखोर पांढऱ्या पेशी मात्र बाहेरच अडतात. १९९२ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातील पाठक, सॉहनी व हबेल यांनी असे जेल जिवंत पेशींच्या सान्निध्यात प्रकाश पाडून घट्ट केल्याचे प्रसिद्ध केले. दातांच्या दवाखान्यात निळ्या दिव्याखाली फिलिंग कडक होते, तसेच हे. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे व सहकाऱ्यांनी कायटोसानच्या, म्हणजे कोळंबीच्या टरफलापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या जेलवर काम केले.

एक मोठी अडचण आहे. शरीर कुपीभोवतीच जाड पडदा विणते आणि आतल्या पेशी प्राणवायूवाचून गुदमरतात. म्हणून असल्या कुप्या अजून प्रयोगातच आहेत. कोणी पैसे घेऊन इंजेक्शन सोडवतो म्हणाला, तरी इन्सुलिन थांबवू नये.