साखरेपासून काय काय होते?

साखर म्हटली की आपल्याला चहा आणि शिरा आठवतो. पण साखरेपासून गाडीचे इंधन आणि प्लॅस्टिकसुद्धा बनते. ते कसे, ते सांगते.

दुधातसुद्धा साखर असते. आई दुधाला विरजण लावते. विरजणातले बारीक जिवाणू रात्रभर ती साखर खातात आणि तिचे लॅक्टिक आम्ल करतात. म्हणून दही आंबट लागते. ना भट्टी लागते, ना धूर होतो. हवा, पाणी, माती न बिघडवता वस्तू बनवायच्या शास्त्राला हरित रसायनशास्त्र म्हणतात.

पाव फुगवायचे यीस्ट साखर खाते, तेव्हा अल्कोहोल आणि वायू तयार होतो. आमच्या बाईंनी कोमट साखरपाण्याच्या बाटलीत यीस्ट टाकले आणि तोंडाला फुगा बांधला. थोड्या वेळाने फुगा आपोआप फुगला! १८० ग्रॅम ग्लुकोज साखरेपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल मिळते. बाकीचा ८८ ग्रॅम वायू होतो.

साखर कारखान्यात साखर काढल्यावर काळी चिकट मळी उरते. तिच्यापासून असेच अल्कोहोल करतात आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीच्या कारखान्यात अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेट बनवतात. ते रंगात आणि शाईत लागते.

लॅक्टिक आम्लाचे कण माळेसारखे जोडले की पीएलए नावाचे प्लॅस्टिक होते. जेजुरीला प्राज कंपनीने २०२४ साली ते बनवून दाखवणारा कारखाना सुरू केला. पण हे प्लॅस्टिक रस्त्यावर टाकले तर लवकर कुजत नाही. त्याला खताचा गरम ढीग लागतो. म्हणून तेही कुठेही फेकू नये.

खनिज तेल एकदा संपले की पुन्हा उगवत नाही. ऊस दरवर्षी उगवतो. पण ऊस पाणी फार पितो, आणि उन्हाळ्यात विहिरी आटतात. मग साखर आणायची कुठून? तर काडीकचऱ्यातून! पेंढ्यातही साखरेचे कण घट्ट जोडलेले असतात. पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ ची लढाई आठवते. तिथेच २०२२ साली भाताच्या पेंढ्यापासून अल्कोहोल बनवायचा कारखाना सुरू झाला.

आपल्याकडे मक्याची ताटे आणि कणसांची बुरकुंडे खूप निघतात. त्यातही साखर दडलेली आहे. म्हणून मित्रांनो, ती उगाच जाळू नका. गुरांना घाला, नाहीतर खत करा.

— इयत्ता ४ थी