ढगांच्या गावातील वर्ग

अशी कल्पना करा, की पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. तुम्ही परदेशात, एका शेतकऱ्याच्या घरी राहत आहात. भात आणि काळा घेवडा एकत्र परतून केलेली न्याहारी आटोपून तुम्ही वही, पेन्सिल व दुर्बीण घेऊन निघता. उष्ण कटिबंधातील अरण्याचा अभ्यास करायला तुम्ही इतक्या दूर आलात. पण शिक्षक तुम्हाला नेऊन उभे करतात ते चक्क गाईंच्या कुरणात! कडेच्या झाडांच्या रांगेत अर्ध्या तासात किती पक्षी येतात, ते मोजायला सांगतात. अरण्य तर समोरच्या डोंगरावर आहे. मग पक्षी कुरणात का मोजायचे?

उत्तर शोधण्यापूर्वी या गावाची ओळख करून घेऊ. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात, विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १० अंशांवर माँटेव्हर्डे हे गाव आहे. स्पॅनिश भाषेत या नावाचा अर्थ ‘हिरवा डोंगर’. त्याची उंची सुमारे १,४०० मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाबळेश्वराइतकी. १९८६ मध्ये येथे माँटेव्हर्डे इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. तिच्या अभ्यासक्रमांसाठी आलेले अनेक परदेशी विद्यार्थी गावकऱ्यांच्या घरी राहतात, त्यांची भाषा शिकतात आणि अरण्य व शेती या दोहोंचा अभ्यास करतात.

ढग गाळणारी झाडे

कॅरिबियन समुद्रावरून येणारे व्यापारी वारे बाष्पाने भरलेले असतात. डोंगर आडवा आला की ते वर चढतात. वर गेलेली हवा प्रसरण पावून थंड होते आणि बाष्पाचे ढग बनतात. हे ढग माथ्यावरील झाडांमधूनच वाहत जातात, म्हणून अशा अरण्याला मेघवन म्हणतात. येथील फांद्यांवर शेवाळ, नेचे आणि आमरी यांची जाड गादी पसरलेली असते. या अपिवनस्पती झाडावर राहतात खऱ्या; पण बांडगुळाप्रमाणे झाडाचा रस शोषत नाहीत. ढगातील सूक्ष्म थेंब त्यांच्यात अडकतात, एकत्र होतात आणि खाली ठिबकतात. त्यामुळे पाऊस नसलेल्या दिवसांतही जमिनीला पाणी मिळते.

फांद्यांवरील हे जग अभ्यासण्यासाठी नलिनी नाडकर्णी ही अमेरिकन शास्त्रज्ञ दोराच्या साहाय्याने झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढली. आडनाव ओळखीचे वाटले ना? तिचे वडील भारतातून अमेरिकेत गेले होते. फांदीचा काही भाग खरवडून मोकळा करायचा आणि तेथे गादी पुन्हा कधी वाढते ते वर्षानुवर्षे पाहायचे, असा प्रयोग तिने केला. ही वाढ अतिशय सावकाश होते, असे आढळले. जे ओरबाडायला काही मिनिटे पुरतात, ते भरून यायला अनेक वर्षे लागतात!

पाण्यासाठी राखलेले रान

१९५१ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातून क्वेकर या ख्रिस्ती पंथाची काही कुटुंबे येथे राहायला आली. युद्धात भाग घेणे त्यांच्या श्रद्धेला मान्य नव्हते. आणि कोस्टा रिकाने तर १९४८ मध्ये आपले सैन्यच बरखास्त केले होते. या लोकांनी जंगल तोडून कुरणे केली, गाई पाळल्या, चीजचा कारखाना काढला. परंतु ज्या माथ्यावरून ओढ्यांना पाणी येते, तेथील सुमारे ५५० हेक्टर रान मात्र तोडायचे नाही, असे त्यांनी ठरविले. पुढे १९७२ मध्ये माथ्यावरील मेघवन राखीव करण्यास प्रारंभ झाला.

पक्ष्याला कुंपण नसते

या वनात क्वेट्झल हा लांब शेपटीचा, हिरव्या-तांबड्या रंगाचा सुंदर पक्षी राहतो. रानटी अव्होकाडोची फळे तो खातो आणि बिया दूर नेऊन टाकतो. राखीव अरण्याच्या स्थापनेत पुढाकार घेणारे जॉर्ज पॉवेल यांनी काही क्वेट्झलांना छोटे रेडिओ प्रक्षेपक बांधले. तेव्हा असे दिसले, की विणीचा हंगाम संपताच हे पक्षी प्रथम प्रशांत महासागराकडील आणि नंतर कॅरिबियनकडील उतारावर खाली उतरतात. म्हणजे वर्षातील बराच काळ ते राखीव अरण्याबाहेर असतात. तेथील फळझाडे गेली, तर माथ्यावरचे अरण्य राखूनही क्वेट्झल वाचणार नाही.

आता कुरणातील झाडांकडे पुन्हा पाहा. गाईंना वारा लागू नये म्हणून शेतकऱ्यांनी ती लावली. पक्षी तेथे विसावतात व त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात. मोकळ्या कुरणापेक्षा अशा रांगांखाली झाडांच्या बिया कितीतरी अधिक पडतात, असे सेलिया हार्वी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले. अरण्य कुंपणापाशी संपत नाही, म्हणून पक्षी कुरणात मोजायचे!

सोनेरी भेक कोठे गेला?

पण कुंपणाबाहेरून धोकाही आत येतो. याच डोंगरमाथ्यावर, आणि जगात अन्यत्र कोठेही नाही, असा सोनेरी भेक राहत असे. १९८७ मध्ये विणीच्या डबक्यांपाशी पंधराशेहून अधिक भेक दिसले. १९८८ मध्ये त्याच मुख्य जागी एकच दिसला. १९८९ मध्येही एकच. त्यानंतर आजवर एकही नाही. त्याचे रान तोडले गेले नव्हते. ते तर राखीव होते. कातडीला जडणारा एक बुरशीजन्य रोग आणि त्या काळातील उष्ण, कोरडी हवा ही कारणे सांगितली जातात. त्यांपैकी कोणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कोरड्या ऋतूत धुके नसलेले दिवस वाढत गेले, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

मग दूरच्या माणसांनी काय करावे? १९८७ मध्ये स्वीडनमधील एका लहान शाळेतील मुलांनी बाईंकडून उष्ण कटिबंधातील जंगलतोडीविषयी ऐकले आणि जंगल विकत घेऊन राखण्यासाठी पैसे जमविले. पुढे चाळीसहून अधिक देशांतील मुलांनी हातभार लावला. माँटेव्हर्डेजवळील ‘मुलांचे चिरंतन अरण्य’ आज २२,००० हेक्टरांहून मोठे आहे.

तुम्ही डोंगरमाथ्यावरील गावी राहत असाल, तर एक प्रयोग करा. धुके असेल पण पाऊस नसेल अशा रात्री सारख्या तोंडाची दोन पातेली ठेवा. एक मोठ्या झाडाखाली, दुसरे उघड्यावर. सकाळी दोहोंतील पाणी मोजून वहीत लिहा. आणि सांगा पाहू, उद्या ते झाड तोडले, तर कोणत्या पातेल्यातले पाणी कमी होईल?