घरातला जुना कॉम्प्युटर अपडेट करताना

आपल्या वस्त्यांमध्ये आजही कितीतरी घरांत डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे. बहुधा तो एखाद्या ऑफिसातून जुना म्हणून बाहेर पडलेला असतो. चार जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज १०. मुलांचे प्रोजेक्ट, शिष्यवृत्तीचे अर्ज, हजचा फॉर्म, मुलीच्या स्थळासाठीचा बायोडाटा, सगळे त्याच्यावरच होते. मात्र कोपऱ्यात अपडेटची सूचना दिसली की घरातल्या प्रत्येकाचा हात 'नंतर'कडे जातो. कधी तर दुरुस्तीवालाच सांगून जातो, "भाभी, अपडेट बंद करून दिलंय, आता स्लो होणार नाही."

त्याचा हेतू चांगला असतो, पण त्या चांगुलपणाने घराची कडी काढून ठेवलेली असते.

दर महिन्याला येणारे अपडेट हे नवे रूप देण्यासाठी नसते, ती दुरुस्ती असते. अमेरिकेतल्या वेळेनुसार महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट ती देते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होते हेही चोरांना कळते. म्हणजे अपडेट आल्यानंतर ते न घेणारा माणूस आधीपेक्षा जास्त धोक्यात असतो.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने हेच केले. त्याने वापरलेल्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. दोन महिने हातात होते. तरीही सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर अडकले, फायली कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागितली गेली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

आता कोणी म्हणेल, आमच्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखे आहे काय? जरा 'डाउनलोड्स'चा फोल्डर उघडून पाहा. मोहल्ल्यात ज्याला कॉम्प्युटर येतो तो दहा घरांचे अर्ज भरून देतो. शेजारच्या खालांचे आधार कार्ड, कोणाचे बँक पासबुक, कोणाचा पासपोर्ट, उत्पन्नाचा दाखला, सगळे तिथे वर्षानुवर्षे पडून असते. आम्हा शिक्षकांच्या घरी तर अख्ख्या वर्गाची माहिती असते. हे कागद आपले नाहीत, लोकांची अमानत आहेत. अमानतीबाबत आपल्या दीनची ताकीद किती कडक आहे हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. तेव्हा अर्ज भरून झाला की असे कागद पुसून टाकावेत आणि जे ठेवणे भाग आहे ते ज्या मशिनवर आहे त्याची कडी नीट लावावी.

अपडेटला हात लावण्याआधी फोटो आणि कागदपत्रे पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. अपडेटने फायली सहसा जात नाहीत, पण जुनी डिस्क अशा जड कामातच दगा देते. मग सी ड्राइव्हवर जागा पाहा. वीसेक जीबी मोकळी असेल तर निश्चिंत राहावे. त्यानंतर कोपऱ्यातली तारीख पाहा. हे मुद्दाम सांगते, कारण अनेक घरांत अपडेट यावरच अडते. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, त्याचे नाव सीआर २०३२. तो संपला की वीज गेल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि दहा-बारा वर्षे मागे जातो. चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित जोडणी होत नाही, वेबसाइट उघडत नाहीत आणि अपडेटही उतरत नाही. लोक विंडोज नव्याने टाकायला निघतात, आणि दोष असतो घड्याळाच्या दुकानात मिळणाऱ्या एका सेलचा.

इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेत असाल तर आणखी एक अडचण येते. जोडणी 'मीटर्ड' ठरवलेली असली तर डेटा वाचवण्यासाठी विंडोज बहुतेक अपडेट आपणहून उतरवत नाही. दिवसाचा डेटा शिल्लक असताना ती खूण तेवढ्यापुरती काढावी. सहा महिने अपडेट घेतले नाही म्हणून सहा वेळा बसावे लागेल, ही भीतीही नको. प्रत्येक महिन्याच्या गठ्ठ्यात मागच्या महिन्यांच्या दुरुस्त्या असतात.

मग 'सेटिंग्ज', त्यात 'अपडेट अँड सिक्युरिटी', आणि तिथे 'चेक फॉर अपडेट्स'. जुन्या डिस्कवर याला तास-दोन तास सहज लागतात. आकडा तीस टक्क्यांवर तासभर थांबला तरी डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजावे. बटण दाबून बंद करणे हाच इथला सर्वांत मोठा धोका. उन्हाळ्यात दुपारी लाइट जाण्याची वेळ ठरलेली असेल तर ती टाळून बसावे, यूपीएस असेल तर उत्तमच. घरातल्या लहानांना बटणापासून लांब ठेवा. मधेच काही बिघडले तर विंडोज बहुतेक वेळा केलेले बदल स्वतः मागे घेते. त्यालाही वेळ लागतो, तोही द्यावा.

आता विंडोज १० चा प्रश्न. त्याच्या नियमित मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि बरेच नवे प्रोसेसर लागतात, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक जुन्या मशिनवर ते रीतसर बसत नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्यांची वाढीव मुदत दिली, पण ती आपोआप मिळत नाही, नाव नोंदवावे लागते. त्यासाठी मशिनवर २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'अबाउट' इथे ती दिसते. आवृत्ती जुनी असेल तर आधी २२एच२ घ्यावी, मग अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा येतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत जाऊन सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत.

हे सगळे अस्सल विंडोजबद्दल झाले. चोरीचे विंडोज आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याला चोरी म्हटले की लोक हसतात. हलाल-हरामचा विचार जेवणाच्या ताटापुरता ठेवायचा नसेल तर याचाही व्हावा. शिवाय ते 'क्रॅक' करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधूनच अनेकदा व्हायरस घरात येतो. ज्यांना विंडोज घेणे परवडत नाही त्यांच्यासाठी लिनक्स मिंट आहे. ते फुकट आणि रीतसर आहे, जुन्या मशिनवर चालते, त्यात उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येते. सवय व्हायला पंधरवडा लागतो, एवढेच.

उर्दूवाल्यांची खरी अडचण मात्र वेगळीच, आणि ती मला रास्त वाटते. उर्दू शाळा, मदरसे, छापखाने यांचे वीस-पंचवीस वर्षांचे लिखाण इनपेजच्या जुन्या आवृत्तीत आहे. ती चालवायला डोंगल लागायचे. नव्या विंडोजवर ते डोंगल ओळखले जाईल की नाही, या धास्तीने कित्येकांनी विंडोज एक्सपी किंवा ७ सोडलेले नाही. एक्सपीच्या दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्ये आणि ७ च्या जानेवारी २०२० मध्ये थांबल्या. मराठीतही जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिकांची हीच कथा आहे. फॉण्ट नसला की अक्षरांऐवजी खुणांचा गोंधळ दिसतो.

अशा मशिनला टाकून देऊ नका. इंटरनेटची वायर काढून ठेवा आणि ते फक्त टाइपिंगसाठी वापरा. नेट नसलेल्या मशिनला पेनड्राइव्हखेरीज फारसे भय नाही, म्हणून एकच पेनड्राइव्ह ठरवावा आणि तो दर वेळी दुसऱ्या, अपडेट असलेल्या मशिनवर तपासून घ्यावा. ते मशिन चालू आहे तोवरच फायली एकेक करून युनिकोडमध्ये आणाव्यात. रूपांतर करणारी साधने मिळतात. इनपेजची नंतरची आवृत्तीही युनिकोड जाणते. रूपांतरात जोडाक्षरे, आकडे आणि एराब इकडे-तिकडे होतात, म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे लागते. शाळेतली नववी-दहावीची मुले हे काम आनंदाने करतात, आणि त्यात त्यांचे उर्दू इमलाही सुधारते.