बेरीज कोणत्या क्रमाने?

दहाचा सोळावा घात घ्या, म्हणजे एकावर सोळा शून्यं. त्यात एक मिळवा आणि मग तीच मोठी संख्या वजा करा. उरायला हवा एक. संगणक म्हणतो, शून्य! आता आधी वजाबाकी उरका आणि एक मागाहून मिळवा. या वेळी उत्तर येतं एक. पायथन टाकलेल्या कुठल्याही लॅपटॉपवर हे करून बघता येतं. मात्र संख्या दशांशचिन्हासह लिहायच्या.

यात बिघाड कुठलाच नाही. ६४ बिटांच्या दशांश संख्येत साधारण सोळा आकडे मावतात, सतराव्याला जागा नसते. जागा संपली की गोलाई कशी करायची, याचा नियमही १९८५ सालीच ठरला आहे. मुक्ताईनगरहून निघालेल्या केळीच्या ट्रकांची वजनं वरून खाली मिळवा की खालून वर, हिशेबाच्या वहीत बेरीज एकच येते. संगणकाच्या दशांश बेरजेत तेवढी शाश्वती नाही. आकडे तेच असले तरी क्रम बदलला की शेवटचा एखादा अंक हलू शकतो.

आणि हा क्रम ठरवतो कोण? आपण लिहिलेला प्रोग्राम, असं कुणीही म्हणेल. पण तो अंशतःच. उरलेलं ठरवतो कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या ओळींचं प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम. त्याला कामाला लावताना आपण काही फ्लॅग, म्हणजे सूचना, देतो. शास्त्रीय गणिताची एखादी लायब्ररी सोर्सपासून बांधायला बसलेला विद्यार्थी हे फ्लॅग बहुधा कुठून तरी उचलून चिकटवतो. 'ओ-टू' म्हणजे बेताने वेगवान कर. 'ओ-थ्री' म्हणजे आणखी धडपड कर. 'मार्च-नेटिव्ह' म्हणजे याच यंत्राच्या प्रोसेसरला साजेशा आज्ञा वापर. या शेवटच्या फ्लॅगचा हिसका लवकर कळतो. नव्या यंत्रावर बांधलेली लायब्ररी जुन्या यंत्रावर नेली की पडद्यावर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढंच उमटतं आणि प्रोग्राम मरतो. ही अडचण त्रासाची खरी, पण प्रामाणिक आहे, कारण ती निदान ओरडते तरी. फोर्ट्रानच्या फंक्शनच्या नावामागे एक कंपायलर अधोरेखा जोडतो, दुसरा जोडत नाही, आणि मग जोडणीच्या टप्प्यावर 'अनडिफाइंड रेफरन्स'ची रांग लागते. तीही याच जातीची.

नवल आहे ते गुपचूप होणाऱ्या बदलांचं.

गुणाकार करून बेरीज, ही गणिती प्रोग्रामांतली सर्वांत घासलेली जोडी. जुने प्रोसेसर गुणाकारानंतर एकदा आणि बेरजेनंतर पुन्हा एकदा, असं दोनदा गोलाई करत. इंटेलच्या २०१३ नंतरच्या बहुतेक प्रोसेसरांत ही दोन्ही कामं एका दमात करणारी 'एफएमए' नावाची आज्ञा आहे. तिच्यात गोलाई एकदाच होते. जीसीसी हा कंपायलर ती संधी दिसली की स्वतःहून घेतो. म्हणजे 'मार्च-नेटिव्ह' लिहून आपण मागितला नुसता वेग, पण त्यासोबत अंकगणितही बदलून आलं.

'फास्ट-मॅथ' हा फ्लॅग तर याच्या पुढे जातो. तो कंपायलरला सांगतो की दशांश संख्या शाळेतल्या बीजगणितासारख्याच वागतात असं धरून चाल. विल्यम कहान या गणितज्ञाने १९६५ मध्ये एक सुरेख युक्ती दिली होती: प्रत्येक बेरजेत सांडलेला चिमूटभर भाग वेगळा मोजायचा आणि पुढच्या बेरजेत परत घालायचा. शाळेच्या बीजगणितात हा सांडलेला भाग शून्यच असतो. म्हणून 'फास्ट-मॅथ' लावलेला कंपायलर ती अख्खी दुरुस्ती निरुपयोगी ठरवून पुसून टाकू शकतो! शिवाय, 'इथे संख्या नाहीच' असं सांगणारी एक खास खूण असते. पर्जन्यमापकाची नोंद आली नाही की पुष्कळदा तीच भरतात. पण या फ्लॅगखाली अशी खूण अस्तित्वातच नाही असं कंपायलर गृहीत धरतो. 'नोंद गहाळ आहे का?' या प्रश्नाला मग कायम 'नाही' असं उत्तर मिळतं.

पर्जन्यमापकाचं उदाहरण मुद्दाम घेतलं. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे आणि त्याच्या खाली हतनूर धरणाचे ४१ दरवाजे. पूर्णेवर वऱ्हाडात पाऊस झाला, तापीवर बऱ्हाणपूरकडे झाला, तरी पाणी इथेच येतं. आणि मे-जूनच्या वादळी वाऱ्यात उभी केळी आडवी होते ती वेगळीच. म्हणून इथे हवामानाचा अंदाज लागतो, आणि तो निघतो अशाच दशांश बेरजांतून. पुण्याच्या पाषाणमध्ये भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत घडवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये सुरू झाली आणि अंदाजाची जाळी १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. २०१८ पासून तिथे 'प्रत्यूष' हा महासंगणक होता, इंटेलच्या प्रोसेसरांचा. सप्टेंबर २०२४ मध्ये 'अर्का' आला, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा, आणि त्यातले प्रोसेसर एएमडीचे. असं घर बदललं की सोर्स तोच राहिला तरी सगळं नव्याने कंपाइल करावं लागतं. हजारो प्रोसेसर-गाभ्यांत वाटलेल्या बेरजा कोणत्या क्रमाने एकत्र येतात, तेही बदलू शकतं.

मग उत्तर बदललं तर चूक शोधायची कशी? मला यातली जुनी रीत फार आवडते. आधी सगळं 'ओ-झीरो'ने, म्हणजे कसलीही हुशारी न करता बांधायचं. मग निम्म्या फाइली सावध फ्लॅगने, निम्म्या वेगवान फ्लॅगने बांधून जोडायच्या. उत्तर बिघडलं तर दोषी वेगवान निम्म्यात, नाहीतर उरलेल्यांत. दोषी एकच असला तर हजार फाइलींतून तो दहा फेऱ्यांत हाती लागतो. दोन दोषी मिळून खोड काढत असले, तर मात्र संध्याकाळ गेली समजा.

 

पण फाइल सापडली म्हणजे चूक सापडली असंही नाही. अमेरिकेतल्या एनसीएआर या संस्थेचं हवामान-प्रारूप जगभर वापरतात. ते नव्या यंत्रावर नेताना अंकाला अंक जुळवत बसत नाहीत, कारण ते जुळणारच नाहीत. त्याऐवजी सुरुवातीच्या तापमानात दहाच्या उणे चौदाव्या घाताएवढा धक्का देऊन प्रारूप अनेकदा चालवतात. त्यातून उत्तरांचा जो नैसर्गिक पसारा मिळतो, त्यात नव्या यंत्राचं उत्तर बसतं का ते बघतात. 'मीरा' नावाच्या महासंगणकावर ते बसेना. शोध घेता घेता संशयाची सुई ढगांतल्या थेंबांचं आणि हिमकणांचं गणित करणाऱ्या भागावर आली, आणि त्यामागे निघाली तीच एफएमए आज्ञा. ती बंद केली आणि मीरा परीक्षेत पास झाला. गंमत अशी की एफएमए एकदाच गोलाई करते, म्हणून तिची एकेक आकडेमोड सहसा जुन्या रीतीपेक्षा अधिक अचूक असते.