मोटारीला जागा किती?

बाजारात बैलगाडी सोडायला जागा लागते, तशी कचेरीपुढे मोटार उभी करायला लागते. शहरात ही जागा केवढी असावी, ते सरकारी नियमात लिहिलेले आहे.

समजा, तुमच्या पतसंस्थेला यवतमाळात कचेरी बांधायची आहे. नकाशा मंजुरीसाठी नगर परिषदेकडे जातो. प्लॉट लहान, मोटारींना जागा कमी पडते. मग कोणी म्हणतो, "पैसे द्या, सूट आणून देतो."

थांबा हो! खरी अडचण दाखवली तर काही मापांत सूट मिळते. पण डिसेंबर २०२० च्या राज्याच्या नियमावलीत मोटारींच्या जागेला अशी सूट सहसा नाही. मात्र एक सोय त्या नियमातच आहे, तिला वेगळा अर्ज नको. मोटारीची जागा अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब हवी. पण निम्म्या जागा २.३ मीटर रुंद व ४.५ मीटर लांब चालतात. दहापैकी पाच लहान केल्या, की पावणेअकरा चौरस मीटर वाचले. एका लहान मोटारीपुरते झाले की!

आम्ही शाळेच्या पटांगणात दोन्ही मापे चुन्याने आखून पाहिली. लहान चौकोनात दार उघडते, पण अंग चोरून उतरावे लागते बरं का. नकाशावर सही करण्याआधी ही मापे स्वतः वाचा आणि लहान जागा किती धरल्या, ते इंजिनियरला विचारा.